एक निवांत दिवस हस्तकलेच्या सामानासाठी

ज्या घरात भरतकाम, विणकाम, क्रोशा, गोधडी आणि मण्यांचे काम यांपैकी दोन-तीन गोष्टींचा छंद दहा-पंधरा वर्षे जोपासला गेला आहे, त्या घरात सामान एका कपाटात कधीच राहत नाही. दोऱ्यांच्या लड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातात, लोकरीचे गुंडे दिवाणाच्या पोटात, मणी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, ओटीत आलेले ब्लाउजपीस लोखंडी कपाटाच्या तळाशी, आणि कोणाच्या तरी रुखवतासाठी आणून उरलेल्या लेस, टिकल्या व आरसे माळ्यावर. यात खरे नुकसान पसाऱ्याचे नसते. आपल्याकडे काय आहे हे आपल्याला ठाऊक नसणे, हे खरे नुकसान असते. घरात दोन लड्या असताना तीच मरून छटा तिसऱ्यांदा विकत घेतली जाते, आणि ज्या कापडाची आठवण सहा महिने येत राहते ते दोन हातांवरच्या पिशवीत पडून असते.

हे सामान लावण्यासाठी मी एकच नियम पाळते आणि पुढची सर्व कृती त्यावरच उभी आहे: एका वेळी एकाच प्रकारची वस्तू बाहेर काढावी, ती लावून जागेवर ठेवावी आणि मगच दुसऱ्या प्रकाराला हात लावावा. काही वर्षांपूर्वी मी उत्साहाच्या भरात सगळे कपाट एकाच सकाळी पलंगावर रिकामे केले होते. संध्याकाळी पाहुणे आले, सगळे सामान मिळेल त्या पिशवीत कोंबावे लागले, आणि ते निस्तरण्यात पुढचे दोन महिने गेले. प्रकारानुसार काम केले की दुपारी डोळा लागला, कंटाळा आला किंवा कोणी दारात आले, तरी जे झाले ते झालेलेच राहते. दिवस निवांत राहण्याचे कारण हेच आहे. अन्यथा तो श्रमाचा दिवस होतो.

दिवस आणि जागा

पावसाळ्यात हे काम काढू नये. जून ते सप्टेंबर या काळात हवेतली ओल कापडात, कागदात आणि लोकरीत उतरलेली असते, आणि ती तशीच डब्यात बंद केली तर बुरशीला आपणच आसरा दिल्यासारखे होते. ऑक्टोबरचे कोरडे ऊन पडू लागले की दिवाळीच्या साफसफाईआधीचा एखादा रविवार यासाठी उत्तम. कोकणात आणि गोव्यात ओल उशिरा ओसरते, म्हणून तेथे डिसेंबरपर्यंत थांबलेले बरे.

आदल्या रात्रीच खिचडीची किंवा फोडणीच्या भाताची तयारी करून ठेवावी, म्हणजे स्वयंपाकासाठी मध्येच उठावे लागत नाही. खिडकीजवळ जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर स्वच्छ पांढरी चादर अंथरावी. पांढऱ्यावर सुया, मणी आणि कसरीचे किडे तिन्ही लगेच दिसतात. हाताशी मोजपट्टी, कात्री, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मऊ पेन्सिल, वही, कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, काही पारदर्शक डबे आणि तीन रिकाम्या पिशव्या ठेवाव्यात. एक पिशवी देऊन टाकायच्या वस्तूंसाठी, एक टाकून द्यायच्या वस्तूंसाठी आणि एक धुण्यासाठी. चौथी पिशवी ठेवू नये. ‘नंतर ठरवू’ या नावाची पिशवी एकदा तयार झाली की निम्मे सामान तिच्यात जाते आणि काम जिथे होते तिथेच राहते.

आधी अर्धवट कामे

बहुतेक जण दोऱ्यांपासून किंवा कापडापासून सुरुवात करतात. माझे मत असे आहे की अर्धवट राहिलेल्या कामांपासून सुरुवात करावी, कारण कोणते सामान लागणार आणि कोणते नाही हे तीच ठरवतात. फुली टाक्याने अर्धा भरलेला मॅटीचा, म्हणजे चौकटी मोजून भरायच्या जाडसर सुती कापडाचा तुकडा, एकच बाही विणलेला स्वेटर, चार फुले झालेला क्रोशाचा रुमाल, असे सगळे घरभरातून गोळा करून चादरीवर शेजारी शेजारी मांडावे.

प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा: हे आज दुकानात कोरे मिळाले असते, तर मी ते हाती घेतले असते का? उत्तर होकारार्थी असेल तर त्या कामाचे सर्व साहित्य, म्हणजे कापड, दोरे, सुई, नमुन्याचा कागद आणि बटणेसुद्धा, एकाच सुती पिशवीत ठेवावे. कोणत्या क्रमांकाची सुई वापरली, कोणत्या ओळीपर्यंत आले आणि पुढे काय करायचे, हे चिठ्ठीवर लिहून ती पिशवीत टाकावी. पुन्हा काम हाती घेताना अडते ते नेमके या माहितीपाशी. भरतकामाची लाकडी रिंग मात्र कापडावरून काढून ठेवावी, कारण ती महिनोन्‌महिने कसलेली राहिली तर कापडावर गोल डाग आणि चुणी कायमची बसते.

उत्तर नकारार्थी असेल तर लोकर उसवावी, मॅटीचा कोरा भाग कापून घ्यावा आणि साहित्य ज्याच्या त्याच्या प्रकारात परत जाऊ द्यावे. आई, आजी किंवा सासूबाईंचे अपुरे राहिलेले काम यात सापडले, तर त्याला हा प्रश्न लावू नये. ते धुऊन, वाळवून, मलमलीत गुंडाळून वेगळे ठेवावे. ते साहित्य नसते.

दोरे

दोरे दिवसाउजेडी, सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान लावावेत. ट्यूबलाइटखाली सारख्या दिसणाऱ्या दोन छटा उन्हाच्या उजेडात स्पष्ट वेगळ्या दिसतात, आणि रात्री लावलेला रंगक्रम सकाळी हमखास चुकलेला आढळतो. उजेड हवा असला तरी थेट ऊन मात्र नको, त्याने रंग विटतात.

भरतकामाच्या सुती दोऱ्याची नेहमीची लडी ८ मीटरची आणि सहा पदरी असते. लडीवरच्या कागदी पट्टीवर रंगाचा क्रमांक छापलेला असतो आणि तो जपणे हे दोरे लावण्यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे असतात. काळा रंग अँकरमध्ये ४०३ आहे, तर डीएमसीमध्ये ३१०. म्हणून नुसता क्रमांक लिहून भागत नाही. अँकरसाठी ‘अँ’ आणि डीएमसीसाठी ‘डी’ असे अक्षर आधी लिहावे.

लड्या गुंतत असतील तर त्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर गुंडाळाव्यात. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी फार सोयीचा पडतो. चार सेंटिमीटर लांबी-रुंदीचे तुकडे कापावेत, दोन बाजूंना लहान खाच पाडावी आणि दोरा कागदाच्या कोऱ्या भागावर येईल अशा बेताने गुंडाळावा, कारण छपाईचा सोनेरी किंवा लाल रंग दमट हवेत दोऱ्याला लागू शकतो. दोरा ताणून गुंडाळू नये, त्याला मोड पडते. क्रमांक पट्टीच्या वरच्या कडेवर पेन्सिलने लिहावा. हे काम हळू चालते, एका तासात पंधरा-वीस लड्या होतात, आणि माझ्या दृष्टीने दिवसातला सर्वांत सुखाचा वेळ हाच असतो. सर्व लड्या आजच गुंडाळून झाल्या पाहिजेत असे मुळीच नाही. उरलेल्या रंगानुसार छोट्या पिशव्यांत भरून ठेवल्या तरी त्या लागलेल्याच समजाव्यात.

क्रम कोणता लावावा याबद्दल दोन मते आहेत. छापील नमुन्यावरून फुली टाका भरणाऱ्याने क्रमांकानुसार लावावे, कारण शोध क्रमांकाचाच घ्यायचा असतो. स्वतःच्या मनाने रंग निवडून कशिदा काढणाऱ्याने मात्र रंगांच्या कुळांनुसार, गडदपासून फिकट असे लावावे. मी दुसऱ्या गटातली आहे, आणि क्रमांकाच्या क्रमाने लावलेल्या डब्यापुढे बसल्यावर मला एकही रंग सुचत नाही, हा माझा अनुभव आहे.

जुन्या दोऱ्याची परीक्षा दोन प्रकारे करावी. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून हलका झटका द्यावा. सहज तुटला तर तो कुजला आहे आणि त्याने भरलेला टाका टिकणार नाही. दुसरी परीक्षा लाल, मरून, गडद निळा आणि काळा या रंगांसाठी आहे: दोऱ्याचे टोक ओले करून पांढऱ्या फडक्यात दाबावे. रंग उतरला तर पट्टीवर ‘रंग जातो’ असे स्पष्ट लिहावे.

कापड

मराठी घरातल्या कापडाच्या साठ्याचा मोठा हिस्सा ब्लाउजपीसचा असतो. हळदीकुंकू, डोहाळजेवण, लग्न अशा निमित्तांनी आलेले हे तुकडे साधारण ८० सेंटिमीटर ते १ मीटर लांबीचे असतात, पण मोजल्याशिवाय लांबी गृहीत धरू नये. प्रत्येक तुकडा उलगडावा, उजेडासमोर धरून भोके व डाग पाहावेत, लांबी-रुंदी चिठ्ठीवर लिहावी आणि ती चिठ्ठी घडीत सरकवावी. टाचणी किंवा स्टेपलर वापरू नये; दमट हवेत गंज धरला की त्याचा तपकिरी ठिपका कापडातून जात नाही.

वर्गवारी रंगाने नव्हे, धाग्याने करावी: सुती, रेशमी आणि कृत्रिम. रंगाने लावलेला ढीग डोळ्यांना सुखावतो खरा, पण गोधडीत सुती आणि कृत्रिम तुकडे शेजारी आले की पहिल्या धुण्यात सुती आटते, कृत्रिम आटत नाही, आणि शिवण ओढली जाऊन गोधडीला कायमच्या सुरकुत्या पडतात. कापड कोणते आहे याची शंका असेल तर कडेचे दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावेत; शेजारी पाण्याचे भांडे असावे आणि चादरीपासून दूर, ओट्यापाशी हे करावे. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख पडते. रेशीम आणि लोकर यांना जळलेल्या केसांचा वास येतो आणि त्यांची राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते.

कोरे सुती कापड साठवण्यापूर्वीच एकदा पाण्यातून काढावे, म्हणजे ते आटते, खळ निघून जाते आणि पुढे थेट कात्री लावता येते. खळीचा आणखी एक तोटा असा की कागद-कापड कुरतडणाऱ्या चंदेरी कसरीला ती आवडते. आज धुता आले नाही तर ‘धुतलेले नाही’ अशी नोंद करून तिसऱ्या पिशवीत टाकावे.

घड्या सर्व एकाच मापाच्या हव्यात. वहीएवढा पुठ्ठा कापून घ्यावा, त्याभोवती कापड गुंडाळून पुठ्ठा काढून घ्यावा आणि घड्या एकावर एक न रचता फडताळातल्या पुस्तकांप्रमाणे उभ्या लावाव्यात. उभ्या घड्यांमुळे प्रत्येक कापडाची कड दिसते आणि एक काढताना बाकीचे ढासळत नाही. खण, इरकल किंवा पैठणीचे जुने काठ असतील तर त्यांची घडी जरीवर येऊ देऊ नये. ते पुठ्ठ्याच्या नळीवर मलमलीसह गुंडाळावेत.

जरीबाबत एक इशारा मला आवर्जून द्यावासा वाटतो. माझ्या आजीच्या लुगड्याचा काठ मी रबरबँड लावून ठेवला होता. दोन वर्षांनी रबर वितळून चिकटले होते आणि त्याच्या आजूबाजूची जर काळी पडली होती. खऱ्या जरीत चांदी असते आणि चांदीला गंधकाने काळेपणा येतो. रबरात गंधक असते, आणि लोकरीतही. म्हणून जरीला रबरबँड लावू नये, ती लोकरीच्या डब्यात ठेवू नये आणि बांधायचीच असेल तर सुती नाडीने बांधावी. लेस आणि फिती यांनाही रबर नको. त्या पुठ्ठ्यावर गुंडाळून टोक कपड्यांच्या लहान चिमट्याने धरावे आणि मीटर लिहावेत.

चिंध्यांसाठी आधीच एक माप ठरवून घ्यावे. मी चार बोटांपेक्षा लहान तुकडा गोधडीसाठी ठेवत नाही. तो एका जुन्या उशीच्या अभ्र्यात जातो, आणि अभ्रा भरला की त्याचेच बसण्याचे आसन होते.

लोकर

लोकरीच्या गुंड्यावरची कागदी पट्टी हरवली की तो गुंडा निम्मा निरुपयोगी होतो, कारण त्यात किती मीटर उरले आहेत हे कळत नाही. पट्टी असेल तर हिशेब सोपा आहे. समजा, पट्टीवर १०० ग्रॅमला २५० मीटर असे लिहिले आहे आणि वजनकाट्यावर गुंडा ३६ ग्रॅम भरला, तर उरलेली लोकर ९० मीटर आहे. हा आकडा चिठ्ठीवर लिहून गुंड्याच्या पोटात खोवून ठेवावा. पुढच्या वेळी टोपी होईल की मोजे, याचा निर्णय गुंडा हातात घेताच करता येतो. पट्टी नसलेल्या गुंड्यांचा धागा मोजपट्टीवर अडीच सेंटिमीटर अंतरात शेजारी शेजारी गुंडाळावा आणि वेढे मोजावेत. ज्यांचे वेढे सारखे येतात ते धागे एका जाडीचे आणि एकत्र विणण्याजोगे समजावेत.

खरी लोकर आणि ॲक्रिलिक वेगळे ठेवणे आवश्यक आहे, कारण कसर लागते ती खऱ्या लोकरीला. ही कसर खळीवरच्या चंदेरी कसरीहून वेगळी, पतंगाची असते; उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि ती अंधारात, न हलवलेल्या सामानात वाढते. गुंड्यात तुटके धागे, वाळूसारखे कण किंवा पांढरे जाळे दिसले तर तो गुंडा ताबडतोब हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड लोकरीवर दव धरते.

डांबराच्या गोळ्यांचा वापर मी बंद केला आहे. त्यांची वाफ श्वसनाला चांगली नाही, लहान मुले त्या गोळ्या पेपरमिंट समजून तोंडात घालू शकतात, आणि काही प्लॅस्टिकच्या डब्यांना व बटणांना त्यांनी चिकटपणा येतो. पूर्ण वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची मलमलीतली पुरचुंडी अनेक घरांत ठेवतात आणि ती ठेवण्यास हरकत नाही. परंतु दर तीन महिन्यांनी डबा उघडून गुंडे हलवणे आणि उजेड दाखवणे, यावरच माझा अधिक भरवसा आहे.

मणी आणि बारीक वस्तू

मण्यांना हात लावण्यापूर्वी पंखा बंद करावा आणि स्टीलच्या परातीत मऊ फडके अंथरून त्यावरच डबा उघडावा. फडक्यावर मणी उसळत नाहीत. बारीक काचमण्यांचे माप उलटे चालते, आकडा जितका मोठा तितका मणी लहान: ११ नंबरचा मणी सुमारे २ मिलिमीटरचा, ८ नंबरचा सुमारे ३ आणि ६ नंबरचा सुमारे ४ मिलिमीटरचा. आधी मापाने वेगळे करून मग रंगाने वेगळे करावे. मापे मिसळलेली माळ ओवताना वाकडी होते, रंग मिसळलेले मात्र कधी कधी सुंदर दिसतात.

एकमेकांत पूर्ण मिसळून गेलेले मूठभर मणी वेचत बसण्यात तास घालवू नये. तो डबा ‘मिश्र’ म्हणून तसाच ठेवावा. लहान मुलांच्या हातांना तो फार आवडतो. मण्यांना रोजच्या कामासाठी जुना मिसळणाचा डबा चांगला, कारण सात वाट्या एकाच नजरेत दिसतात. साठवणीसाठी मात्र फिरकीच्या झाकणाच्या पारदर्शक डब्याच हव्यात.

सुया फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचून कोरड्या डबीत ठेवाव्यात. हातशिलाईच्या सुईत आणि विणकामाच्या जुन्या पद्धतीच्या सुयांतही आकडा वाढला की सुई बारीक होते; विणकामाची १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, तर ८ नंबरची ४ मिलिमीटरची असते. आजचे बरेच नमुने मिलिमीटरमध्येच लिहिलेले असल्याने हे रूपांतर पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावे. गंजलेल्या आणि वाकलेल्या सुया उघड्या कचऱ्यात न टाकता औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून, झाकण लावून टाकाव्यात, कारण तो कचरा पुढे कोणीतरी हाताने वेगळा करते.

कागद, रंग आणि माळा

या भागाला फार वेळ लागू नये. जाड कागद आडवे, कागदाच्या पट्ट्या रुंदीनुसार वेगळ्या, आणि सर्व जमिनीपासून व बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावेत. रंगाच्या बाटल्या एकेक उघडून पाहाव्यात. दाणेदार झालेला किंवा कुबट वास येणारा रंग टाकून द्यावा, त्याला पाणी घालून वाचवण्याचा प्रयत्न कापडावर फसतो. टर्पेंटाइनसारखे ज्वालाग्राही द्रव स्वयंपाकघराच्या आणि देवघरातल्या दिव्याच्या जवळपास ठेवू नयेत. माळ्यावर गणपतीच्या आरासीचे थर्माकोलचे तुकडे राहिले असतील तर महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, म्हणून ते परत जपून ठेवण्यात अर्थ नाही. कोरड्या कचऱ्यात वेगळे द्यावेत.

कोणती वस्तू कोठे

चालू काम बसायच्या जागेशी, महिन्यातून लागणारे सामान कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर आणि वर्षातून एकदा लागणारे माळ्यावर, एवढी वाटणी पुरे. खरी लोकर, रेशीम आणि सुती कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत कायमचे बंद करू नये, सुती पिशवीत ठेवावे. पत्र्याचे किंवा स्टीलचे डबे वापरायचे असतील तर झाकणावर आणि बाजूवरही नाव लिहावे. जे दिसत नाही ते वापरले जात नाही.

देऊन टाकायची पिशवी त्याच संध्याकाळी दाराशी ठेवावी. बालवाडी, शाळेतले कार्यानुभवाचे वर्ग, शिवणकाम करणारा महिला बचत गट, यांना मण्यांचा, लेसचा आणि कापडाचा उपयोग होतो. मात्र कुजलेला दोरा आणि कसर लागलेली लोकर कोणालाही देऊ नये.

शेवटचे काम वहीचे. डाव्या पानावर काय आहे ते लिहावे: दोऱ्यांचे क्रमांक, कापडाचे मीटर, लोकरीचे ग्रॅम. उजव्या पानावर केवळ अर्धवट कामांसाठी खरोखर कमी पडणारे सामान लिहावे आणि त्या पानाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला मण्यांच्या आणि लेसच्या दुकानासमोर उभे राहिल्यावर प्रथम तेच उघडावे. यादी लिहून झाली की अर्धवट कामांच्या पिशव्यांतून एक निवडावी, खुर्चीशेजारी ठेवावी आणि दिवसाचा उजेड उरला असेल तोवर तिच्यातली चिठ्ठी वाचून पुढची ओळ विणायला घ्यावी.